काकुमा की मदांग? : मिशनमध्ये शिकवायला जाण्यापूर्वी

परदेशातील मिशनमध्ये शिकवण्याची इच्छा असलेले आपल्याकडचे शिक्षक बहुधा आधी देश निवडतात आणि काम कोणते ते नंतर विचारतात. हा क्रम उलटा असावा असे मला वाटते, आणि त्यासाठी येथे दोन ठिकाणे शेजारी शेजारी ठेवली आहेत. पहिले, केनियाच्या तुर्काना भागात १९९२ साली उभी राहिलेली काकुमा निर्वासित छावणी. येथे जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस ही कॅथलिक मदतसंस्था आणि डॉन बॉस्कोचे सालेशियन हा कॅथलिक धर्मसंघ काम करतात. दुसरे, पापुआ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावरील मदांग; येथे एसव्हीडी (सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड) या कॅथलिक धर्मसंघाने रुजवलेली डिव्हाइन वर्ड युनिव्हर्सिटी आणि कॅथलिक शाळा आहेत.

अंतर पाहिले तर काकुमा सोपे वाटते. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, तर मदांगसाठी आधी पोर्ट मोर्सबी गाठून तिथून पुन्हा विमानच धरावे लागते, कारण राजधानीपासून तिथवर रस्ताच नाही. मात्र काकुमात दक्षिण सुदान, सोमालिया, काँगो येथून आलेली मुले एका वर्गात शंभराहून अधिक असणे नवलाचे नाही. युद्धामुळे शाळा तुटल्याने खालच्या इयत्तेत मिसरूड फुटलेली मुलेही बसतात. तिथे विषयाच्या ज्ञानापेक्षा वर्ग सांभाळण्याचे कसब आणि समुपदेशनाचे प्रशिक्षण अधिक उपयोगी पडते. मदांगच्या माध्यमिक शाळेत ठरलेला अभ्यासक्रम असतो आणि विज्ञान-गणिताच्या शिक्षकाला त्याचे नेहमीचेच काम करता येते.

दोन्हीकडे माध्यमिक वर्गाची भाषा इंग्रजी असल्याने वेगळ्या भाषेची गरज नाही, हा समज मात्र घातक आहे, कारण मुले अंगणात बोलतात ती भाषा वेगळी असते. केनियातल्या स्वाहिलीत 'दुका' म्हणजे दुकान आणि 'गारी' म्हणजे गाडी, त्यामुळे सुरुवात गोड होते. पण नामांचे वर्ग आणि त्यांनुसार बदलणारे उपसर्ग पचवायला वेळ लागतो. शिवाय तिथले तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे 'सा म्बिली' ऐकून दोन वाजता पोचणाऱ्याची सकाळी आठची बैठक हुकते. मदांगची तोक पिसिन त्यामानाने लवकर येते, आणि मराठी माणसाला तिच्यात एक अनपेक्षित ओळख भेटते : आपले 'आपण' आणि 'आम्ही' तिच्यातही 'युमी' आणि 'मिपेला' असे वेगळे आहेत. इंग्रजीतून शिकणारा जिथे अडखळतो, तिथे आपण अडखळत नाही. (तिथे सुपारीही चुन्याबरोबर खातात, तेवढ्यावरून घरी आल्यासारखे मात्र वाटू देऊ नये.)

आरोग्याची तयारी थोडक्यात. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते आणि लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. मदांगमध्ये हिवताप, त्यातही यकृतात दडून पुन्हा उलटणारा व्हायव्हॅक्स, हा खरा प्रश्न आहे. यकृतातला हा हिवताप काढणारे औषध जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना अपायकारक ठरू शकते, म्हणून निघण्यापूर्वी त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र आणि कामाचा परवाना दोन्हीकडे हवा. पर्यटन व्हिसावर शिकवायला बोलावणाऱ्या संस्थेला नम्रपणे नकार द्यावा.

मुदतीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. १८२७ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांनी पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली त्या तिथेच वारल्या. इतके कोणी मागत नाही, पण पहिले वर्ष बहुतांशी आपण शिकण्यातच जाते, हे धरून दोन वर्षांखालची मुदत स्वीकारू नये.

नुकतेच बी.एड. झालेल्याला मी दूरचे असूनही मदांगच सुचवेन आणि पुण्याच्या ईशवाणी केंद्रात एसव्हीडी धर्मगुरूंशी आधी बोलायला सांगेन. काकुमाची ओढ असेल, तर आधी एक हंगाम ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या साखरशाळेत शिकवून पाहावे. शाळेचे वर्ष अर्धवट टाकून गाव सोडून आलेल्या, वेगवेगळ्या वयांच्या मुलांचा एकच वर्ग कसा असतो ते तिथे कळते.