लो-प्रेशर प्लाझ्मा मशीन : टॉवेलच्या नमुन्यांवर आठ महिन्यांचा वापर

या मशीनमध्ये बंद चेंबरमधली हवा उपसून त्यात थोडा वायू सोडतात आणि विजेने त्याचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित चमकता वायू, करतात; तो कापडाचा पृष्ठभाग बदलतो. चेंबर ५ लिटरचं, आरएफ (प्लाझ्मा पेटवणारी रेडिओ-वारंवारतेची वीज) १३.५६ मेगाहर्ट्झ, पॉवर १०० वॅटपर्यंत, पंप ताशी ५ घनमीटरचा. सोलापुरात अशा मशीनपुढे येणार ते बहुतेक सुतीच: ग्रे (मागावरून उतरलेले, पुढची प्रक्रिया न केलेले) टेरी टॉवेल, चादरीचं कापड, क्वचित पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्या.

काम चोख आहे. ऑक्सिजन, ०.४ मिलिबार, ८० वॅट, २ मिनिटं. आधी ज्या ग्रे कापडावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा बसून राहायचा, त्यावर आता तो टेकताच जिरतो. मात्र याने विणण्याआधी सुताला लावलेली खळ निघते असं समजू नका. प्लाझ्माची करामत धाग्याच्या वरच्या काही नॅनोमीटरपुरती, तिथल्या कापसाच्या नैसर्गिक मेणावर. खळ काढायला एन्झाइम आणि धुलाई लागतेच.

खरा वेळ खातं ते पाणी. पावसाळी हवेत १० ग्रॅम सुती तुकड्यात साधारण ०.७ ग्रॅम ओलावा असतो. ०.५ मिलिबारला त्याची वाफ होते सुमारे १,९०० लिटर! एवढी उपसायला या पंपाला वीसेक मिनिटं लागतात, तोवर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा अडून बसतो आणि माणूस उगाच लीक शोधत बसतो. म्हणून तुकडा १०५ अंशांवर तासभर ओव्हनमध्ये वाळवायचा आणि गरम असतानाच चेंबरमध्ये टाकायचा. उपसताना गॅस बॅलास्ट (वाफेचं पंपातच पाणी होऊ नये म्हणून थोडी हवा आत सोडणारी झडप) उघडा ठेवा, नाहीतर पंपाचं तेल ताकासारखं पांढरं होतं.

लीक होतेच, पण ती बहुधा तुसामुळे. टॉवेलचा एक केसाएवढा धागा दाराच्या ओ-रिंगवर (रबरी सीलवर) आडवा पडला की पुरे. प्रत्येक वेळी दार लावण्याआधी आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) भिजवलेल्या, तूस न सोडणाऱ्या फडक्याने रिंग पुसा. रंगावरूनही कळतं: ऑक्सिजनचा प्लाझ्मा फिकट पांढुरका असतो, त्यात गुलाबी-जांभळी झाक आली तर हवा शिरतेय.

ऑक्सिजन वापरणार असाल तर पंपात साधं मिनरल तेल अजिबात नको, स्फोटाचा धोका असतो. पीएफपीई (ऑक्सिजनमध्ये न पेटणारं फ्लोरिनयुक्त) तेल महाग पडतं, तरी तेच भरा. वीज गेली की तेल उलटं चेंबरकडे ओढलं जाऊ नये म्हणून अँटी-सकबॅक झडप आहे का, हे खरेदीआधीच विचारा. एक्झॉस्टची नळी खोलीबाहेर काढा, ओझोन असतो.

पॉलिप्रॉपिलीनवरचा परिणाम टिकाऊ नाही. पट्टी ठेवून दिली की पृष्ठभाग हळूहळू पुन्हा पाणी झिडकारू लागतो, उन्हाळ्यात आणखी लवकर. छपाई किंवा चिकटवणं त्याच दिवशी उरका.

आणि सिलिकॉन सॉफ्टनर लावलेला तयार टॉवेल आत कधीच घालू नका. ऑक्सिजन प्लाझ्मात सिलिकॉन जळून उडून जात नाही, त्याचा सिलिकासारखा थर होतो. शिवाय थोडं सिलिकॉन चेंबरच्या भिंतींवर बसतं आणि पुढच्या नमुन्यांवर उतरतं. मग थेंब कधी जिरतो, कधी नाही. असं झालं तर भिंती आणि ट्रे आयपीएने घासून, रिकाम्या चेंबरमध्ये अर्धा तास ऑक्सिजन प्लाझ्मा चालवायचा आणि स्वच्छ काचपट्टीवर थेंब पसरतोय का, ते पाहूनच पुढचा नमुना घ्यायचा.