चालवून बघायचं, उठवून बघायचं की विचारायचं?

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू न शकणाऱ्या, सत्तरीपुढच्या पेशंटला दम लागतो का विचारलं, तर बरेचदा ‘नाही’ म्हणतात. जिना चढणंच सोडलेलं असतं, दम लागणार कुठून? इकोतला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतला, पंपिंगचा आकडाही आजी अंघोळ स्वतः करतात का, हे सांगत नाही. म्हणून रोजची कामं किती जमतात हे वेगळं मोजावं लागतं. त्याचे हे तीन मार्ग.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी सगळ्यांच्या ओळखीची. 30 मीटरचा सपाट पॅसेज हवा. मध्ये थांबलं तरी चालतं, घड्याळ चालूच राहतं. 300 मीटरही होत नसतील तर काळजी वाढते. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाचं अंतर हृदयामुळे कमी पडलं की गुडघ्यांमुळे, हे त्यातून उलगडत नाही.

दुसरी एसपीपीबी, म्हणजे तोल, चाल आणि पायांची ताकद बघणारी छोटी चाचणी. तिला भिंत, खुर्ची आणि चार मीटर जागा पुरते. पाय तीन प्रकारे ठेवून दहा-दहा सेकंद तोल, चार मीटर नेहमीच्या चालीनं, आणि हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठणं. एकूण 12 गुण. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या रिहॅब-एचएफ या हार्ट फेल्युअरमधल्या व्यायामाच्या अभ्यासात साठीपुढच्या 349 पेशंटसाठी हेच मुख्य माप होतं. तीन महिन्यांनी व्यायाम करणाऱ्यांचे सरासरी गुण 8.3 झाले, इतरांचे 6.9. पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण मात्र ठळकपणे घटलं नाही. तरी माझ्या लेखी स्वतःच्या पायावर उठता येणं ही छोटी कमाई नाही.

केसीसीक्यू-12 ही बारा प्रश्नांची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांतली सूज, थकवा, उशाला उंच घेऊन झोपणं, लोकांत मिसळणं, सगळं विचारते. गुण 0 ते 100, जास्त म्हणजे बरं. पाचाचा फरकही दखल घेण्याजोगा. ‘हे काम मी करतच नाही’ असाही पर्याय त्यात आहे. त्यावर खूण दिसली की थांबून विचारा, कधीपासून आणि का.

नुकताच डिस्चार्ज मिळालेल्या, अशक्त पेशंटसाठी मी एसपीपीबी आणि केसीसीक्यू-12 ही जोडी निवडेन. हिंडता-फिरता माणूस असेल तर सहा मिनिटांची चाचणी, कारण तिथे एसपीपीबीचे गुण लवकर बारावर जाऊन अडकतात.

जमिनीवरून उठणं यातलं काहीच मोजत नाही. आपल्याकडे देवपूजा, पंगत, भारतीय संडास त्यावरच अवलंबून. ते वेगळं विचारून लिहून ठेवा. तोलाच्या वेळी शेजारी उभे राहा, छातीत दुखलं किंवा चक्कर आली की लगेच थांबवा, आणि पुढच्या वेळी खुर्ची तीच घ्या.