‘४५ दिवसांचं’ लॅब्राडोर: पिल्लू घेताना फसवणूक नेमकी कुठे होते

‘लॅब्राडोर मेल, ४५ दिवस, हेवी बोन, फर्स्ट वॅक्सिन डन, होम डिलिव्हरी.’ पिल्लू घ्यायचं मनात आलं आणि फोनवर शोधलं की अशा जाहिराती ढिगाने दिसतात. या एका ओळीतलं वय, लस आणि घरपोच सेवा या तिन्ही गोष्टींनी माणसं फसतात. पैसे तर जातातच, पण बहुतेक वेळा आठवडाभरात पिल्लूही जातं. ज्या घरात लहान मुलं असतात तिथे तो आठवडा फार वाईट जातो, म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे.

व्यवहार साधारण असा होतो. विक्रेता व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतो. त्यात स्वच्छ फरशीवर पाच-सहा गुबगुबीत पिल्लं खेळत असतात. ‘दोन पार्ट्या विचारतायत, टोकन टाका म्हणजे तुमच्यासाठी ठेवतो’ असं म्हणून तो दोन-तीन हजार रुपये मागून घेतो. आम्ही येऊन बघतो म्हटलं की ‘कशाला त्रास घेता, गाडी तुमच्याच बाजूला येतेय’ हे उत्तर ठरलेलं. मग संध्याकाळी हायवेवरच्या पेट्रोल पंपापाशी किंवा स्टेशनबाहेर पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिल्लू हातात येतं. अंघोळ घातलेली, पावडर लावलेली, पिल्लू झोपाळलेलं. सोबत एक लसीचं कार्ड आणि थोडंसं खाणं. उरलेले पैसे तिथेच यूपीआयने घेतले जातात आणि सगळं पाच मिनिटांत उरकतं.

दुसऱ्या दिवशी पिल्लू खात नाही. फोन केला की ‘जागा बदललीय, दोन दिवसांत खाईल’ असं सांगितलं जातं. तिसऱ्या दिवशी उलट्या, संध्याकाळपर्यंत पातळ जुलाब, मग जुलाबात रक्त आणि त्याचा तो विशिष्ट कुजका वास. डॉक्टर शौचाचा स्वॅब घेऊन चाचणी करतात आणि दहा-पंधरा मिनिटांत पार्व्हो, म्हणजे आतड्यांवर हल्ला करणारा विषाणूजन्य रोग, असल्याचं कळतं. पुढे सलाईन, उलटी थांबवायची इंजेक्शनं, रोजच्या फेऱ्या. आईपासून लवकर तोडलेलं, पोटात जंत असलेलं पिल्लू यात तग धरण्याची आशा कमी असते. विक्रेता म्हणतो, ‘तुम्ही गाईचं दूध पाजलं असेल’ किंवा ‘तुमच्या घरीच लागण झाली असेल’. त्यानंतर त्याचा फोन लागत नाही.

‘तुमच्या घरीच लागलं’ या वाक्याला उत्तर आहे आणि ते तारखांत आहे. पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, कधी त्याहून जास्तही. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पिल्लू उलट्या करायला लागलं, तर विषाणू त्याच्या पोटात तुमच्या दारात येण्याआधीच शिरलेला होता. दूध बदलल्याने जुलाब होऊ शकतात, पण त्याने पार्व्होची चाचणी पॉझिटिव्ह येत नाही. म्हणून पिल्लू कधी ताब्यात घेतलं, पहिली उलटी कधी झाली आणि चाचणी कधी केली हे वेळेसकट लिहून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतं.

आता वयाकडे येऊ, कारण मूळ गडबड तिथेच आहे. प्राण्यांशी क्रूरता प्रतिबंध (श्वान प्रजनन आणि विपणन) नियम, २०१७ प्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. म्हणजे बाजारात सर्रास सांगितले जाणारे ‘४५ दिवस’ खरे असले तरी ती विक्री नियमाबाहेरचीच. आणि बरेचदा तेही खरे नसतात. लहान पिल्लू गोंडस दिसतं, कमी खातं, लवकर खपतं. म्हणून अठ्ठावीस-तीस दिवसांच्या पिल्लाला दीड महिन्याचं म्हणून विकतात.

हे तोंड उघडून पाहता येतं. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे एकूण २८ दात असतात: वर आणि खाली समोर सहा-सहा, चार सुळे आणि मागे बारा दाढा. समोरचे दात आणि सुळे तिसऱ्या आठवड्यानंतर फुटायला लागतात आणि आठ आठवड्यांपर्यंत सगळे २८ आलेले असतात. पिल्लू मांडीवर घ्या, अंगठ्याने ओठाची कड मागे सारा आणि गालाच्या आत, सुळ्यांच्या मागे बघा. तिथे नुसती गुळगुळीत हिरडी किंवा जेमतेम टोकं लागत असतील तर ते पिल्लू महिन्याच्या आसपासचं आहे, कार्डावर काहीही लिहिलेलं असो. चालताना मागचा भाग झोकांडत असेल तर तीही त्याच वयाची खूण. तेवढ्याच वेळात हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या मुळातच फिकट असतील तर जंत किंवा गोचिडांनी रक्त प्यायलं असण्याची शक्यता मोठी. कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. शेपटी उचलून खालची केसं बघा, घाईत घातलेल्या अंघोळीतही तिथला जुलाबाचा पिवळा डाग राहून जातो. अंग हडकुळं आणि पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असेल तर जंत आहेतच असं समजा.

लसीच्या कार्डावर लोक फार विसंबतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूजन्य रोग) यांची पहिली लस सहा आठवड्यांच्या आधी सहसा देत नाहीत. त्यामुळे कार्ड हातात आलं की आधी जन्मतारीख विचारा आणि तिथेच हिशोब मांडा. जन्म १ जानेवारीचा असेल तर सहा आठवडे १२ फेब्रुवारीला भरतात आणि आठ आठवडे २६ फेब्रुवारीला. कार्डावर २५ जानेवारीची लस असेल तर एक तर तारीख खोटी किंवा लस खोटी. खऱ्या नोंदीसोबत लसीच्या बाटलीवरचं चिकटपत्र लावलेलं असतं, त्यावर लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. शेजारी डॉक्टरांची सही, शिक्का आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. नुसतं पेनने ‘डीएचपीपी डन’ (डीएचपीपी म्हणजे हीच एकत्रित लस) लिहिलेलं कार्ड म्हणजे कोरा कागद. चिकटपत्र असलं तरी त्या दवाखान्याला फोन करून या तारखेला लॅब्राडोरच्या पिल्लांना लस दिली होती का, एवढं विचारा.

आणि लस खरोखर दिलेली असली तरी एका लसीने पिल्लू सुरक्षित होत नाही. आईच्या पहिल्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती काही आठवडे टिकते आणि ती लसीलाही निष्प्रभ करते. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळं. म्हणूनच दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचे असतात आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या वयाला किंवा नंतर पडावा लागतो. रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. ‘फर्स्ट वॅक्सिन डन’ ऐकून पिल्लू दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या बागेत फिरवू नका.

आईशिवाय पिल्लू बघू नका, ही एक अट पाळली तरी वर सांगितलेले निम्मे व्यवहार जागच्या जागी मोडतात. घरपोच देणारा माणूस बहुतेक दलाल असतो. वेगवेगळ्या ठिकाणची, कधी परराज्यातली पिल्लं तो एकत्र ठेवतो आणि एकाचा रोग सगळ्यांना लागतो. व्हिडिओतली पिल्लं त्याची असतीलच असं नाही. आई दाखवा म्हटल्यावर काही जण भलतीच कुत्री उभी करतात. तिच्या पोटाखाली बघा. दीड-दोन महिन्यांची पिल्लं असलेल्या मादीचे सड लोंबलेले, मोठे असतात, बहुधा पिल्लांच्या नखांचे ओरखडेही दिसतात. पोट सपाट, सड बारीक आणि पिल्लं तिच्याकडे धावतही नाहीत, तर ती आई नाही. खरी आई भेटली तर तिचा स्वभावही बघून घ्या. माणसांना बुजणारी किंवा अंगावर येणारी मादी असेल तर विचार करा, पिल्लं तिच्याकडून बरंच काही उचलतात. ती किती वर्षांची, हे कितवं वेत, मागचं वेत कधी झालं, हे विचारा. नियमानुसार १८ महिन्यांच्या आत मादी लावता येत नाही आणि वर्षात एकच वेत घेता येतं.

कागदांबद्दल थोडक्यात. ‘विदाउट पेपर’ स्वस्त आणि ‘विथ पेपर’ महाग, पिल्लू तेच, असं कुणी म्हणालं तर उठून या. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं वंशावळीचं प्रमाणपत्र आई-बाप दोघेही नोंदलेले असतील आणि वेताची नोंद झाली असेल तरच निघतं, ते नंतर पैसे भरून विकत मिळायची वस्तू नाही. विक्रीआधी पिल्लाला मायक्रोचिप (कातडीखालची ओळखीची बारीक चिप) बसवणं बंधनकारक आहे. तिचा क्रमांक १५ आकडी असतो. डॉक्टरांकडे स्कॅनर फिरवून तो कागदावरच्या क्रमांकाशी जुळवा. शिवाय राज्य प्राणी कल्याण मंडळाकडच्या नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. ‘डबल बोन’, ‘पंच फेस’, ‘इम्पोर्ट लाइन’ हे शब्द कुठल्याही प्रमाणपत्रावर नसतात, ते फक्त भाव वाढवण्यासाठी आहेत.

जबाबदार ब्रीडर ओळखायला फार वेळ लागत नाही. तो तुम्हालाच प्रश्न विचारतो: घरी दिवसभर कोण असतं, फ्लॅट आहे की बंगला, आधी कुत्रा पाळलाय का. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे दाखवतो. दोन आठवड्यांपासून दर पंधरवड्याला दिलेल्या जंताच्या औषधाची नोंद त्याच्याकडे असते. आज पिल्लू तयार नाही, तीन आठवड्यांनी या, असं म्हणायला तो कचरत नाही. ‘४८ तासांत तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, काही निघालं तर पैसे परत’ हे तो पावतीवर लिहून देतो. ती तपासणी टाळू नका. हृदयातला आवाज, बेंबीचा हर्निया, न उतरलेलं वृषण या गोष्टी डॉक्टरांनाच नीट कळतात.

फसवणूक झालीच असेल तर चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयच्या नोंदी आणि दवाखान्याची बिलं पुसू नका. पैसे घेऊन पिल्लू दिलंच नाही, वर ‘पिंजऱ्याचं डिपॉझिट’, ‘ट्रान्सपोर्ट इन्शुरन्स’ म्हणून आणखी मागितलं, तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आजारी पिल्लू विकलं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पिल्लू दगावलं तर जड मनाने का होईना, शवविच्छेदन करून घ्या. जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा, राज्यात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे ती आहेत. नेईपर्यंत देह बर्फात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, गोठल्याने आतले अवयव तपासण्यासारखे राहत नाहीत.

घराचंही बघावं लागतं. पार्व्होचा विषाणू फरशीच्या फटींत आणि मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि साध्या फिनेलने मरत नाही. आधी साबणाने घाण काढा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण करून फरशी, भांडी, पिंजरा दहा मिनिटं ओले राहू द्या. खोकं, गादी, चघळायची खेळणी फेकून द्या. पुढचा कुत्रा लगेच आणायचा असेल तर लसी पूर्ण झालेला मोठा आणा. लहान पिल्लू त्या घरात इतक्यात नको.