सीसॅटचे तर्कप्रश्न: पर्यायांची छाटणी करावी की उत्तर आधी ठरवावे?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सीसॅटमध्ये, म्हणजे नागरी सेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरमध्ये, तर्काचे प्रश्न सोडवण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक म्हणजे चारही पर्याय वाचून चुकीचे बाद करत जाणे, आणि दुसरी म्हणजे पर्याय पाहण्याआधीच युक्तिवादातील उणीव स्वतःच्या शब्दांत मांडून मग तिच्याशी जुळणारा पर्याय शोधणे. मी दोन्ही रीती पुरेशा काळ वापरल्या आहेत.

लांब उताऱ्याचा ‘सर्वात समर्पक संदेश’ विचारलेला असेल, तर छाटणी सरस ठरते असे मला वाटते, कारण तेथे उत्तराचे शब्द आधी सुचणे अवघड असते आणि ‘केवळ’, ‘सर्व’, ‘नेहमी’ असे शब्द असलेला पर्याय आधाराअभावी सहज गळतो.

मात्र गृहीतकाच्या, म्हणजे युक्तिवादात न सांगता मानून घेतलेल्या गोष्टीच्या, प्रश्नांत छाटणीचा एक त्रास मला फार जाणवला: शेवटी दोन पर्याय उरतात, आणि तोवर चुकीच्या पर्यायाचे शब्द मनात इतके मुरलेले असतात की ते मूळ मजकुरातच होते असे वाटू लागते. ‘विहिरींची पातळी खालावली आहे, म्हणून उसाचे क्षेत्र घटवल्यास ती वाढेल’ हे विधान घ्या. ‘ठिबक सिंचनाने पाणी वाचते’ हा पर्याय व्यवहारात खरा असल्याने तो बाद करायला मन धजत नाही, आणि ‘ऊस हेच घसरणीचे एकमेव कारण आहे’ हाही विषयाला धरून असल्यामुळे पटतो. याउलट, पर्यायांकडे न पाहता ‘या उसाला पाणी कालव्याचे की विहिरींचे?’ असे आधी विचारले, तर उणीव लगेच दिसते. ‘उसासाठी भूजल उपसले जाते’ हा पर्याय नाकारून पाहिल्यास युक्तिवाद कोसळतो. ‘एकमेव कारण’ नाकारले तरी तो उभाच राहतो.

मनातले उत्तर पर्यायांत सापडलेच नाही तर वेळ वाया जातो, हा दुसऱ्या रीतीवरचा आक्षेप रास्त आहे, कारण 80 प्रश्नांना 120 मिनिटेच मिळतात. परंतु हा पेपर 2015 पासून केवळ पात्रतेचा असून 33 टक्के गुण पुरतात, प्रत्येकी 2.5 गुणांची 27 अचूक उत्तरे, एकही न चुकता, त्यासाठी पुरेशी आहेत. चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश वजा होत असताना, असा प्रश्न सोडून पुढे जाणे मला तरी उरलेल्या दोन पर्यायांत कौल लावण्यापेक्षा श्रेयस्कर वाटते.