प्लेटवालं एलएसडी की हेलिकल?

मामेभावाची जुनी बीएमडब्ल्यू ई३६. पावसात सिमरोलच्या घाटात वळणावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आतलं चाक नुसतं गरगरतं. ओपन डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या साध्या गिअरसंचाचा, स्वभावच तो: एका चाकाची पकड सुटली की दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. त्यावर उपाय एलएसडी, म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल: ते चाकाचं नुसतं गरगरणं आवरतं.

प्लेटवाल्यात प्रीलोड, म्हणजे प्लेटांवर आधीपासूनच दाब, असतो, म्हणून एक चाक हवेत उचललं तरी दुसरं ओढतं. ट्रॅकसाठी उत्तमच. पण प्लेटा झिजतात, तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण जुळवणारं रसायन) लागतो, आणि राजवाड्याजवळच्या गल्लीत गाडी वळवताना मागून कटकट ऐकू येते.

हेलिकलमध्ये प्लेटाच नाहीत, सगळं काम तिरक्या दातांच्या गिअरचं. शांत, आणि वर्षानुवर्षं टिकणारं. चाक पूर्ण उचललं गेलं तर मात्र ते जवळजवळ ओपनसारखंच वागतं. इंदुरात रोज चालणाऱ्या गाडीला मी हेलिकलच घालेन.

कुठलंही घ्या, बसवणारा हात पक्का हवा. आमच्या मिस्त्रींनी क्राउनच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या मोठ्या गिअरच्या, दातांना पिवळी पेस्ट लावून हातानं फिरवलं. दात एकमेकांना टेकल्याचा डाग कडेला सरकलेला. त्यांनी शिम (जाडी जुळवणारी पातळ चकती) बदलली, डायल गेजवर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, पाहिला, पुन्हा फिरवलं. तिसऱ्या वेळी डाग बरोबर मधोमध आला, तेव्हाच कव्हर लावलं.