हंगेरीत शिकायला जायचंय? मग माहितीपत्रकावरचं स्थापनेचं साल जरा सावकाश वाचा

हंगेरीच्या सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलं की चार नावं समोर येतात: बुडापेस्टचं ओत्वोश लोरांड विद्यापीठ, सेगेड, डेब्रेत्सेन आणि पेच. चौघांच्या माहितीपत्रकांवर एकेक जुनं साल ठळक छापलेलं असतं. पेच १३६७ सांगतं, डेब्रेत्सेन १५३८, सेगेड १५८१, ओत्वोश लोरांड १६३५. आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ चं, त्यामुळे हे आकडे पाहून कोणीही दबून जाईल. माझ्या भाचीचंही तसंच झालं. सालांप्रमाणे क्रम लावून तिने पेचला पहिली पसंती द्यायचं ठरवलं होतं. तो क्रम मी तिला मोडायला लावला. का, ते इथे लिहितो.

या चारांपैकी तीन विद्यापीठं आज जिथे आहेत तिथे जन्मलेलीच नाहीत. त्यांची जन्मगावं आता दुसऱ्या देशांत आहेत. फक्त डेब्रेत्सेन जागचं हललेलं नाही. निवड करताना स्थापनेच्या सालापेक्षा हे बिऱ्हाड बदलणं जास्त उपयोगी पडतं, कारण कुठलं विद्यापीठ कशात चांगलं आहे हे बरंचसं त्यातून कळतं.

आधी पेच. १३६७ मध्ये राजा लायोश (थोरला) याने पोप पाचव्या अर्बनच्या संमतीने तिथे विद्यापीठ काढलं, हे खरं. पण पोपने धर्मशास्त्राची शाखा नाकारली, शिकवणं मुख्यतः कायद्याचं होतं आणि इटलीतल्या बोलोन्याहून गाल्वानो नावाचे कायदेपंडित बोलावले होते. खर्च उचलणारे बिशप विल्मोश १३७४ मध्ये वारले आणि काही दशकांत सगळं विरून गेलं. पुढे गावावर दीडेकशे वर्षं तुर्कांची सत्ता होती. आजचं विद्यापीठ त्या रोपाचं झाड नव्हे. ते १९१२ च्या कायद्याने पोझोन्य इथे, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, स्थापन झालं. पहिल्या महायुद्धानंतर ते शहर चेकोस्लोव्हाकियाकडे गेलं. प्राध्यापक बुडापेस्टला आले आणि १९२३ मध्ये विद्यापीठ पेचमध्ये स्थिरावलं. मध्ये पाच शतकांची पोकळी आहे. माहितीपत्रक ती एका वाक्यात ओलांडून जातं.

सेगेडची गोष्ट तशीच, पण तिच्यात दम आहे. १५८१ हे ट्रान्सिल्व्हेनियातल्या कोलोज्वारच्या (आज रुमानियातलं क्लुज) जेझुइट (कॅथलिक धर्मसंघाच्या) महाविद्यालयाचं साल. आधुनिक विद्यापीठ तिथे १८७२ मध्ये उघडलं. १९१९ मध्ये रुमानियाने ते ताब्यात घेतलं, हंगेरियन प्राध्यापक बाहेर पडले आणि १९२१ मध्ये सेगेडला आले. पहिल्या महायुद्धानंतरच्या त्रियानोंच्या तहाने देशाचा सुमारे दोन-तृतीयांश भूभाग गेला होता. तिजोरी रिकामी होती. अशा वेळी शिक्षणमंत्री क्लेबेल्सबर्ग कुनो यांनी शाळा आणि विद्यापीठांवर पैसा ओतला. मोठं सैन्य उभारायला तहाची बंदी होती, शिक्षणाला नव्हती. खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी त्यांनी १९२६ मध्ये कायदा करून हजारो वर्गखोल्या बांधून घेतल्या आणि सेगेडला विद्यापीठाच्या इमारती उभ्या केल्या. (हंगेरियन माणसं आडनाव आधी लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. अर्ज भरताना याचा घोळ होतो, सांभाळा.)

त्या निर्वासित विद्यापीठात काय घडलं ते पाहा. गणितात रीस फ्रिग्येश आणि हार आल्फ्रेद यांनी १९२२ मध्ये सुरू केलेलं संशोधन नियतकालिक जगभर वाचलं जाऊ लागलं. सेन्त-ग्यॉर्ग्यी आल्बर्त यांनी गावातल्या लाल मिरचीतून, पाप्रिकातून, क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळं केलं आणि १९३७ चं नोबेल मिळवलं. आणि २०२३ मध्ये वैद्यकाचं नोबेल मिळालेल्या कारिको कातालिन याच विद्यापीठात शिकल्या. जीवशास्त्र, जीवरसायन किंवा औषधनिर्मितीकडे ओढा असेल तर सेगेड पहिलं ठेवा, असं मी डोळे मिटून सांगतो. तिथे आता युरोपातलं मोठं लेसर संशोधन केंद्रही आहे, त्यामुळे भौतिकशास्त्रवाल्यांनीही नजर टाकावी.

सेगेडची दुसरी बाजूही आहे. १९२५ मध्ये एका प्राध्यापकाने योझेफ अत्तिला नावाच्या विद्यार्थ्याला त्याच्या कवितेवरून सुनावलं की तू शिक्षक होणार नाहीस. पोरगा निघून गेला. १९६२ मध्ये विद्यापीठाला त्याच कवीचं नाव दिलं. डेब्रेत्सेनच्या जुन्या महाविद्यालयानेही १७९५ मध्ये कवी चोकोनाई मिहायला काढून टाकलं होतं, आणि आज गावातलं नाट्यगृह त्याच्या नावाने ओळखलं जातं. कवीला आधी हाकलायचं आणि मग पाटीवर चढवायचं, ही तिथली रीतच दिसते.

डेब्रेत्सेनचं १५३८ हे साल मात्र मी मान्य करतो. ते प्रोटेस्टंटांच्या रिफॉर्म्ड पंथाच्या महाविद्यालयाचं आहे आणि ते आजही त्याच गावात उभं आहे. विद्यापीठाचा कायदा १९१२ चाच, पण पाया त्या महाविद्यालयाचा. तिथली मुलं सणासुदीला खेड्यापाड्यांत प्रवचनाला जात आणि लोक देतील ते घेऊन परत येत. त्या मिळकतीवर शिक्षण चाले. आपल्याकडची माधुकरी आठवावी असंच हे. गावात आग लागली की विझवायलाही विद्यार्थीच धावत. १८४९ मध्ये हॅब्सबर्ग घराण्याला पदच्युत केल्याची घोषणा शेजारच्या मोठ्या चर्चमध्ये झाली, तेव्हा संसद याच महाविद्यालयात भरत होती. विद्यापीठाची मुख्य इमारत १९३२ ची, शहरालगतच्या मोठ्या वनराईत. घराबाहेर पहिल्यांदाच राहणाऱ्याला डेब्रेत्सेन मानवतं असं माझं मत आहे. वर्ग, ग्रंथालय, वसतिगृह आणि ट्राम, सगळं हाताशी. ज्याला महानगर हवं तो मात्र दोन महिन्यांत कंटाळेल.

राहिलं ओत्वोश लोरांड. कार्डिनल पाझमान्य पेटर यांनी १६३५ मध्ये नाज्यसोम्बात इथे (आज स्लोव्हाकियातलं त्र्नावा) ते काढलं, कारण बुडा शहर (आजच्या बुडापेस्टचा एक भाग) तेव्हा तुर्कांकडे होतं. १६६७ मध्ये कायद्याची शाखा आली आणि १७६९ मध्ये वैद्यकाची. विद्यापीठ चालवणारा जेझुइट संघ पोपने बरखास्त केल्यावर राणी मारिया तेरेझाने १७७७ मध्ये विद्यापीठ बुडाला हलवलं. त्याच वर्षी शाळा आणि उच्च शिक्षण यांना एका सूत्रात बांधणारं तिचं फर्मान निघालं. १७८४ मध्ये विद्यापीठ नदीपलीकडे पेश्तला गेलं. १६३५ पासून खंड नाही, त्यामुळे सालाचा दावा पक्का. १९५० मध्ये पाझमान्य यांचं नाव जाऊन भौतिकशास्त्रज्ञ ओत्वोश लोरांड यांचं लागलं. त्यांचे वडील योझेफ शिक्षणमंत्री असताना १८६८ मध्ये सहा ते बारा वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं होतं, म्हणून ओत्वोश हे आडनाव तिथे शाळकरी मुलांनाही माहीत असतं.

गणितासाठी चारांत हेच पहिलं. एर्द्योश पाल यांची डॉक्टरेट इथलीच, १९३४ ची. पण हे श्रेय एकट्या विद्यापीठाचं नाही. १८९४ पासून शाळकरी मुलांसाठी गणिताचं मासिक निघत होतं आणि त्याच वर्षी स्पर्धा परीक्षाही सुरू झाली. बुडापेस्टच्या लुथेरन शाळेत राट्झ लास्लो यांच्यासारखे शिक्षक होते. गणितज्ञ फॉन नॉयमान आणि भौतिकशास्त्रज्ञ विग्नर त्याच शाळेचे. घडवणारी शाळा होती, विद्यापीठ बऱ्याचदा नुसता शिक्का मारायचं. आणि काहींना तर दारातूनच परत पाठवायचं. १९२० च्या कायद्याने ज्यू विद्यार्थ्यांचा प्रवेश त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात मर्यादित केला आणि अनेक हुशार मुलं जर्मनीला गेली. जुन्या वैभवाची पानं वाचताना हे पानही उलटावं.

वैद्यकासाठी अर्ज करणाऱ्याने ओत्वोश लोरांडचं नावच खोडावं. तिथे वैद्यकीय शाखा नाही. १९५१ मध्ये सोव्हिएत धर्तीवर सगळ्या वैद्यकीय शाखा तोडून वेगळी विद्यापीठं केली गेली. २००० च्या विलीनीकरणात सेगेड, डेब्रेत्सेन आणि पेच इथे त्या पुन्हा जोडल्या, बुडापेस्टमध्ये नाही. तिथली शाखा आज सेमेलवाइस विद्यापीठ म्हणून स्वतंत्र आहे. १९८० च्या दशकात परकीय चलनासाठी या वैद्यकीय विद्यापीठांनी परदेशी मुलांकरता इंग्रजी वर्ग उघडले, म्हणजे इंग्रजीतून शिकवण्याचा सराव जुना आहे. सहा वर्षांचा अभ्यासक्रम आपल्या वैद्यकीय आयोगाच्या ५४ महिन्यांच्या अटीत बसतो, पण ‘नीट’ (NEET) ही आपली प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण असणं आणि बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत होणं यांची खातरी आधी करून घ्या. या तीन गावांत पेचलाही मी कमी लेखत नाही. डोंगरउतारावरचं देखणं गाव आहे, वैद्यकात नाव आहे. फक्त १३६७ साठी तिथे जाऊ नका.

आता माझ्या भाचीच्या लक्षात न आलेला मुद्दा, आणि माझ्या लेखी तो सालांपेक्षा मोठा आहे: विद्यापीठ चालवतं कोण? १९४८ मध्ये चर्चच्या शाळा सरकारजमा झाल्या, १९९० नंतर काही परत गेल्या. २०२१ मध्ये उलटा वारा आला. सेगेड, डेब्रेत्सेन, पेच आणि सेमेलवाइस सरकारकडून विश्वस्त प्रतिष्ठानांकडे गेली. ओत्वोश लोरांड सरकारीच राहिलं. प्रतिष्ठानांच्या मंडळांवर तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाची माणसं बसली, म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने अशा संस्थांशी नवे आर्थिक करार थांबवले. याचा फटका इरास्मस देवाणघेवाण आणि होरायझन संशोधन निधी या दोन्हींना बसला. एक सत्र जर्मनी किंवा स्पेनमध्ये काढायचं स्वप्न असेल तर अर्जाच्या दिवशी त्या विद्यापीठाची ताजी स्थिती विचारून घ्या. पदवी घेऊन थेट परतणार असाल तर याने फारसं बिघडत नाही. आणि कोणी सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीचं नाव सुचवलं, तर २०१७ च्या कायद्यानंतर तिने पदवीचे वर्ग बुडापेस्टहून व्हिएन्नाला नेले, म्हणजे तो अर्ज ऑस्ट्रियाचा.

शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क माफ असतं आणि वसतिगृहात जागा किंवा घरभाड्याला हातभार मिळतो. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याचा भत्ता बरीच वर्षं महिना ४३,७०० फोरिंट राहिला आहे. बुडापेस्टमध्ये त्यात साधी खोलीही मिळत नाही. सेगेड, पेच किंवा डेब्रेत्सेनमध्ये घरून कमी पैसे मागवावे लागतील. ही तिन्ही गावं राजधानीपासून रेल्वेने अडीच-तीन तासांवर आहेत, त्यामुळे शनिवार-रविवार बुडापेस्ट हातचं जात नाही.

भाचीचा विषय जीवरसायन. तिने सेगेड पहिलं आणि डेब्रेत्सेन दुसरं लिहिलं. आता तिला तोंडी परीक्षेची धास्ती आहे, आणि त्यातून चारांपैकी कुठेही सुटका नाही. विषयांच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडलेल्या असतात, एक उचलायची, थोडा वेळ विचार करायचा आणि प्राध्यापकांसमोर बसून बोलायचं. गुण एक ते पाच, पाच सर्वांत चांगला. लेखी उत्तरपत्रिकेत पुरवण्या जोडून वेळ मारून नेण्याची आपली सवय तिथे चालत नाही, म्हणून सध्या ती रोज संध्याकाळी आईला समोर बसवून एन्झाइम्स समजावून सांगते.