पोस्टफिक्स मेल सर्व्हर: अकरा महिन्यांचा वापर आणि भाऊबीजेची ती सकाळ

ऑगस्ट २०२३ मध्ये बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील आमच्या वर्कशॉपचा मेल मी भाड्याच्या सेवेवरून काढून स्वतःच्या सर्व्हरवर आणला. डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली, मेल पाठवणारा-घेणारा पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळणारा डव्हकॉट, गाळणीसाठी अमाविस, त्याच्या हाताखाली स्पॅम ओळखणारा स्पॅमअसॅसिन आणि व्हायरस शोधणारा क्लॅमएव्ही, २ जीबी रॅम आणि १४ मेलबॉक्स अशी नेहमीचीच मांडणी आहे, त्यामुळे तिचे वर्णन करीत बसत नाही. कारण सरळ पैशाचे होते. चौदा मेलबॉक्सांचे भाडे महिन्याला अडीच हजारांच्या वर जात होते आणि सर्व्हरला सातशे रुपये पडतात. गेज, म्हणजे मोजमापाची साधने, बनवून विकणाऱ्या लहान वर्कशॉपला हा फरक जाणवतो. हा अनुभव मी नोव्हेंबरमध्येच लिहायला घेतला होता आणि तेव्हा त्याचा निष्कर्ष 'या वाटेला जाऊ नका' असा होता. आज तो निष्कर्ष मी मागे घेतला आहे. एका गोष्टीवरचा राग मात्र अजून तसाच आहे.

पहिली अडचण सप्टेंबरात आली आणि ती लवकर संपली. जीमेलच्या पत्त्यांवर पाठवलेले काही मेल ५५० क्रमांकाची चूक देऊन परत येऊ लागले. सर्व्हरला इंटरनेटवर जुन्या पद्धतीचा (आयपीव्ही४) आणि नव्या पद्धतीचा (आयपीव्ही६) असे दोन पत्ते होते. तो कधी आयपीव्ही४ वरून, तर कधी आयपीव्ही६ वरून जोडणी करीत होता आणि आयपीव्ही६ पत्त्याला रिव्हर्स डीएनएसची, म्हणजे पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी, नोंद नव्हती. ती नोंद होस्टिंग कंपनीने, म्हणजे जिच्याकडून सर्व्हर घेतला आहे तिनेच करायची असते. नऊ दिवसांत चार वेळा मला 'सर्व्हर रीस्टार्ट करून पाहा' असे उत्तर मिळाले, तेव्हा मी पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगून विषय मिटवला. कंपनीवर मी चिडलो, पण पोस्टफिक्सबद्दल तक्रार नव्हती, कारण परत आलेला मेल त्याच मिनिटाला आमच्या वहिनींच्या इनबॉक्समध्ये कारणासह हजर होत होता. काय बिघडले आहे ते पहिल्या दिवशीच कळले होते.

खरा प्रसंग दिवाळीतला आहे. शुक्रवारी धनत्रयोदशी होती. वर्कशॉप बंद करण्यापूर्वी वहिनींनी संध्याकाळी सातच्या सुमारास सहा कोटेशने पाठवली आणि आम्ही सगळे घरी गेलो. इकडची वर्कशॉप एकदा दिवाळीला बंद झाली की लाभपाचमीलाच (कार्तिक शुद्ध पंचमीला) उघडतात, त्यामुळे मधल्या दिवसांत कोणी मेल उघडून पाहिला नाही, आणि ज्याने मोबाइलवर पाहिला त्याला सुट्टीत मेल आला नाही याचे नवल वाटले नाही. रासायनिक कारखान्यांना मात्र अशी सुट्टी नसते. भाऊबीजेच्या सकाळी भरूच जिल्ह्यातल्या दहेज गावच्या एका कारखान्यातून खरेदी विभागाच्या गृहस्थांचा वहिनींना फोन आला, "बहेन, तमारुं क्वोटेशन हजी आव्युं नथी." मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती. वहिनी मला एवढेच म्हणाल्या, "भावजी, मी शुक्रवारी पाठवले होते. सेंटमध्ये दिसते आहे." त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते.

दांडिया बाजारातल्या घरी ओवाळणीचे ताट तयार होते आणि मी लॅपटॉप उघडून बसलो. सर्व्हर चालू, पोस्टफिक्स चालू, डिस्क निम्मी रिकामी. मग अडकलेल्या मेलची रांग दाखवणारी मेलक्यू ही आज्ञा चालवली आणि पडदा भरून वाहू लागला. शेवटच्या ओळीत २१२ मेलचा आकडा होता. जाणारे मेल त्यात थोडेच होते, बाकी सगळे आमच्याकडे येणारे, म्हणजे ज्यांना आमच्या सर्व्हरने बाहेर 'मिळाले' अशी पोच देऊन आत रांगेत उभे केले होते. प्रत्येकाखाली एकच मजकूर होता: अमाविसचे उत्तर ४५१ (तात्पुरते अपयश, नंतर पुन्हा पाठवा), सर्व व्हायरस स्कॅनर अयशस्वी. कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजून २ मिनिटांची नोंद सापडली. मेमरी संपल्यामुळे कर्नलने क्लॅमडी ही क्लॅमएव्हीची सतत चालणारी प्रक्रिया मारली होती.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण २ जीबीच्या सर्व्हरवर हे कोणाचेही होऊ शकते. क्लॅमडी आपल्या सगळ्या व्हायरस-खुणा मेमरीत ठेवतो आणि त्यातच एक जीबीच्या वर जागा जाते. फ्रेशक्लॅम या त्याच्या जोडीदार प्रोग्रामने नव्या खुणा उतरवून घेतल्या की क्लॅमडी त्या भरून घेतो, पण ते होईपर्यंत जुन्याही हातच्या सोडत नाही, म्हणजे तेवढा वेळ त्याला जवळपास दुप्पट मेमरी लागते. तपासणीत खंड पडू नये म्हणून हे मूळ सेटिंगच तसे ठेवलेले आहे. एरवी आमचे कसेबसे भागत होते. धनत्रयोदशीला शुभेच्छांच्या चित्रांचे जड मेल एकामागून एक येत असताना हे अद्ययावत करणे सुरू झाले आणि स्वॅप (मेमरी कमी पडल्यास डिस्कवर वापरायची जागा) नसलेल्या यंत्राचा श्वास अडकला. क्लॅमएव्हीच्या दस्तऐवजात ३ जीबी किंवा अधिक रॅमची शिफारस आहे. ती न वाचता मी ते बसवले आणि बंद पडल्यास आपोआप सुरू होण्याची सोयही केली नाही, या दोन्ही चुका माझ्या आहेत.

पण पोस्टफिक्सने साडेचार दिवसांत कोणालाही एक शब्द का सांगितला नाही? 'डिले वॉर्निंग टाइम' नावाचे एक सेटिंग आहे. मेल अमुक तास रांगेत अडकला तर पाठवणाऱ्याला तशी सूचना द्यावी, हे त्याचे काम. पोस्टफिक्समध्ये त्याचे मूळ मूल्य शून्य आहे, म्हणजे सूचना बंद. सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरमध्ये हीच सूचना मुळातच ४ तासांनी जाते, एक्झिम या दुसऱ्या सर्व्हरमध्ये २४ तासांनी. पोस्टफिक्स मात्र ५ दिवस प्रयत्न करतो आणि मगच मेल परत फिरवतो. पाच दिवसांची मुदत त्याने मनाने काढलेली नाही. मेल पाठवण्याच्या नियमांच्या, म्हणजे एसएमटीपीच्या, २००८ च्या मानकातही किमान ४ ते ५ दिवस प्रयत्न करावेत असेच म्हटले आहे, आणि ते योग्य आहे. प्रयत्न पाच दिवस जरूर करावेत, पण त्या पाच दिवसांत पाठवणाऱ्याला अंधारात ठेवणे मला मान्य नाही. वहिनींच्या दृष्टीने मेल सेंटमध्ये गेला की तो पोहोचला. तसा तो पोहोचला नसेल तर हे त्यांना सर्व्हरनेच सांगायला हवे, दहेजच्या गृहस्थांनी नव्हे. अकरा महिन्यांत स्पॅम, प्रमाणपत्रे, पासवर्ड अशा बऱ्याच कुरबुरी झाल्या, पण त्या सगळ्या एका पारड्यात घातल्या तरी हा शून्य मला जड वाटतो.

आता मत का बदलले ते सांगतो. त्या दिवशी मी क्लॅमडी सुरू केला, रांग पुन्हा चालवायला सांगितली आणि लॉग उघडा ठेवला. अर्ध्या तासात २१२ चा आकडा शून्यावर आला. दहेजच्या कोटेशनची ओळ मी वहीत उतरवून ठेवली आहे. सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी ते गाळणीतून सुटले आणि उशिराच्या रकान्यात ४०३८१२ सेकंद असा आकडा होता, म्हणजे चार दिवस आणि सोळा तासांहून थोडे अधिक. आठ तास आणखी गेले असते तर ते परत फिरले असते. नंतर निवांतपणे मागचा लॉग वाचला, तेव्हा त्याच एका मेलसाठी पोस्टफिक्सने शंभराच्या आसपास प्रयत्न केल्याचे दिसले, आधी काही मिनिटांच्या अंतराने आणि मग साधारण दर ६७ मिनिटांनी, सलग, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही. प्रत्येक प्रयत्नाची वेळ आणि अपयशाचे कारण नोंदवलेले होते. २१२ पैकी एकही मेल हरवला नाही, एकही दोनदा गेला नाही. व्हीट्से व्हेनेमा यांनी हे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये लोकांसाठी खुले केले आणि त्याच्या विश्वासार्हतेबद्दल जे ऐकले होते ते माझ्या स्वतःच्या रांगेत मला पाहायला मिळाले. दहेजच्या गृहस्थांनी मेलवरची शुक्रवारची तारीख पाहून आमचे म्हणणे मान्य केले आणि कोटेशन मुदतीत धरले गेले.

दुरुस्तीत मी एक पैसाही वाढवला नाही. होस्टिंग कंपनीने ४ जीबीचा पर्याय सुचवला होता, पण त्याचे महिन्याला चारशे रुपये अधिक पडतात. त्याऐवजी क्लॅमडीला नव्या खुणा भरण्यापूर्वी जुन्या सोडायला सांगितले. त्या वेळात तपासणी थांबते आणि मेल मिनिटभर ताटकळतात, ते चालण्यासारखे आहे. दोन जीबीचा स्वॅप दिला आणि प्रक्रिया मेल्यास आपोआप उठेल अशी सोय केली. दर १५ मिनिटांनी रांग मोजून ती वीसच्या वर गेली तर टेलिग्रामवर निरोप येतो, कारण मेल अडकल्याची बातमी मेलनेच मागवण्यात अर्थ नाही असे मला वाटत होते. इथेही मी थोडा चुकलो होतो. डिले वॉर्निंग टाइम ४ तास ठेवून एका रविवारी मी मुद्दाम क्लॅमडी बंद केला आणि वहिनींच्या मेलबॉक्समधून बाहेर एक मेल पाठवला. चार तासांनी सूचना त्यांच्या इनबॉक्समध्ये आली, कारण पोस्टफिक्स स्वतः तयार केलेल्या सूचना मुळात गाळणीतून नेतच नाही. म्हणजे दिवाळीतही ही सूचना सुखरूप पोहोचली असती. खोट्या पत्त्यांवरून आलेला स्पॅम अडकला तर अशी सूचना भलत्याच माणसाला जाते, हा तोटा मला ठाऊक आहे आणि तो मी पत्करला आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जीमेलने एसपीएफ, डीकेआयएमचे (मेल खरोखर त्याच डोमेनवरून आला आहे हे पटवणाऱ्या नोंदींचे) नियम कडक केले, पण त्या नोंदी आधीच केलेल्या असल्यामुळे आमचे काही अडले नाही.

त्या चाचणीची सूचना इंग्रजीत होती आणि वहिनींनी ती स्पॅम समजून बाजूला टाकली होती. पोस्टफिक्समध्ये या सूचनांचा मजकूर बदलता येतो, म्हणून आता इंग्रजी मजकुराच्या वर मराठीत तीन ओळी आहेत: "तुमचा मेल अजून पोहोचलेला नाही. सर्व्हर प्रयत्न करीत आहे, पुन्हा पाठवू नका. घाईचे असेल तर ज्यांना पाठवला त्यांना फोन करून कळवा." मार्चमध्ये अंकलेश्वरच्या एका गिऱ्हाईकाचा सर्व्हर दिवसभर बंद होता, तेव्हा ही सूचना पहिल्यांदा खरोखर आली. वहिनींनी तिकडे फोन केला, बिल व्हॉट्सॲपवर पाठवले आणि मला संध्याकाळी चहाच्या वेळी सांगितले.